नाणे मोठे की नाण्याची जागा?

खिशातले एखादे नाणे काढून पाहा. ते बरोबर गोल असते, त्याची जाडी सर्वत्र सारखी असते आणि त्यावरचे एकही अक्षर कडेबाहेर गेलेले नसते. आता असे एक नाणे मनात आणा, की जे धड गोल नाही आणि चौकोनीही नाही. त्याची एक बाजू जाड तर दुसरी पातळ. कडेला घावाने पडलेल्या चिरा. त्यावरची निम्मी अक्षरे तर उमटलेलीच नाहीत. सोनाराने मोडीत टाकलेला चांदीचा तुकडा वाटावा, असे हे नाणे सोळाव्या आणि सतराव्या शतकांत निम्म्या जगात चालत होते. त्याचे नाव रियाल. आठ रियालांचे मोठे नाणे स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींत पाडले जाई. तेथून ते जहाजांनी स्पेनला, पुढे युरोपभर आणि आशियातही जात असे.

यांपैकी काही जहाजे वाटेतच बुडाली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पाण्याखाली श्वास घेण्याची साधने सुटसुटीत झाली, तेव्हापासून या जहाजांतील नाणी मोठ्या संख्येने वर येऊ लागली. ती जमविणारे हौशी लोक जगभर आहेत. जहाज प्रसिद्ध असेल, तर झिजलेल्या आणि काळवंडलेल्या नाण्यालाही लिलावात चांगली किंमत येते.

हा छंद चांगला की वाईट? माझे मत आरंभीच सांगतो. नाणी जमविणे हा उत्तम छंद आहे. परंतु बुडालेल्या जहाजातील नाणे कोठे आणि कशाशेजारी पडले होते याची नोंद होण्यापूर्वी ते उचलणे व विकणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. मग ते नाणे पुढे कितीही जपून ठेवले तरी झालेले नुकसान भरून येत नाही. असे का, हे समजण्यासाठी प्रथम ते नाणे कसे तयार होई ते पाहू.

घणाखाली घडलेले नाणे

आजच्या बोलिव्हिया देशात, अँडीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर पोतोसी नावाचे गाव आहे. तेथील डोंगरात १५४५ साली चांदीचा प्रचंड साठा सापडला. मेक्सिकोतही मोठ्या खाणी निघाल्या. हलक्या प्रतीच्या धातुकातून पाऱ्याच्या साहाय्याने चांदी वेगळी करण्याची रीत बार्तोलोमे दे मेदिना याने १५५४ च्या सुमारास मेक्सिकोत सुरू केली आणि चांदीचे उत्पादन वाढले. मेक्सिको शहरात १५३६ साली, लिमा येथे १५६८ साली आणि पोतोसीत १५७० नंतरच्या दशकात टाकसाळी चालू झाल्या. पोतोसीच्या खाणींत काम करणारे बहुतेक लोक तेथील मूळ रहिवासी होते. आसपासच्या प्रांतांतून त्यांना सक्तीच्या पाळीने आणले जाई. या पाळीला 'मिता' म्हणत. या चांदीची किंमत त्यांनी कष्टांनी आणि अनेकांनी प्राणांनी मोजली, ही गोष्ट नाणे हातात घेताना विसरू नये.

टाकसाळीत चांदी वितळवून तिच्या पट्ट्या ओतीत. पट्टीचे तुकडे पाडीत. प्रत्येक तुकडा तराजूत घालून पाहत आणि वजन अधिक भरले, तर कातरीने त्याचा कोपरा छाटीत. मग एक ठसा खाली पक्का बसवून त्यावर तो तुकडा ठेवीत, वर दुसरा ठसा धरीत आणि घणाचा घाव घालीत. झाले नाणे! तुकडा गोल आहे की नाही याची कोणी पर्वा करीत नसे. वजन आणि कस बरोबर असला की पुरे.

हे वजन आपल्याला गणिताने काढता येते. 'मार्क' नावाच्या स्पॅनिश मापाचे वजन सुमारे २३० ग्रॅम होते. कायद्याप्रमाणे एका मार्क चांदीतून ६७ रियाल पाडावयाचे. म्हणजे एक रियाल २३० ÷ ६७ = ३.४३ ग्रॅम आणि आठ रियालांचे नाणे सुमारे २७.५ ग्रॅम. त्यातील शुद्ध चांदीचे प्रमाण सुमारे ९३ टक्के असे आणि उरलेला भाग तांब्याचा.

अशी नाणी आपल्यालाही अनोळखी नाहीत. शिवछत्रपतींच्या नावाची शिवराई तुमच्यापैकी काहींच्या घरी देव्हाऱ्यात किंवा आजीच्या डब्यात असेल. तीही हातानेच ठोकलेली. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' ही अक्षरे तिच्यावर असावयास हवीत, परंतु पुष्कळ शिवरायांवर ती पुरी सापडत नाहीत. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून काही अक्षरे तुकड्याबाहेरच राहत. स्पॅनिश नाण्यांवरील अपुऱ्या अक्षरांची कारणेही हीच: वेडावाकडा तुकडा आणि हाताने घातलेला घाव.

दोन अक्षरांमागची गोष्ट

आठ रियालांच्या नाण्यावर एका बाजूला क्रूस आणि त्याच्या चार कोपऱ्यांत किल्ले व सिंह असत. दुसऱ्या बाजूला आधी राजाची ढाल असे. पुढे पोतोसी आणि लिमा येथे समुद्राच्या लाटांवर उभे असलेले दोन खांब आले. यांखेरीज आणखी दोन लहान खुणा असत. पहिली टाकसाळीची: पोतोसीसाठी 'पी', लिमासाठी 'एल', मेक्सिकोसाठी डोक्यावर लहान 'ओ' असलेला 'एम'. दुसरी खूण म्हणजे नाणेपारख्याच्या नावाचे अक्षर. चांदीचा कस बरोबर आहे याची जबाबदारी त्याची. नाणे हिणकस निघाले, तर कोणाला पकडावयाचे हे त्या एका अक्षरावरून कळे.

आणि एकदा तसे पकडावे लागलेही! १६४० नंतरच्या दशकात पोतोसीच्या नाण्यांत चांदी कमी भरते अशा तक्रारी युरोपातून येऊ लागल्या. राजाने चौकशीसाठी अधिकारी पाठविला. घोटाळा मोठा निघाला आणि त्यात गुंतलेला धनाढ्य व्यापारी फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा याला १६५० साली देहदंड झाला. जुन्या नाण्यांची किंमत कमी करून त्यांवर लहान मुकुटांकित शिक्के मारण्यात आले आणि १६५२ साली खांब व लाटा असलेला नवा छाप पोतोसीत सुरू झाला.

आता पाहा. १६५४ साली एक मोठे स्पॅनिश जहाज आजच्या एक्वाडोरच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्यातून शिक्के मारलेली ही जुनी नाणी निघाली. म्हणजे घोटाळ्यानंतर चार वर्षांनीही तो पैसा एका बंदरातून दुसऱ्या बंदराकडे चालला होता. हे आपल्याला कशावरून कळले? नाण्यावरून, परंतु केवळ नाण्यावरून नव्हे. ते नाणे 'त्या' जहाजात होते आणि ते जहाज १६५४ साली बुडाले, हे ठाऊक आहे म्हणून कळले. तेच नाणे एखाद्या दुकानातील पेटीत नावगाव नसलेले सापडले असते, तर त्याने यातले काहीच सांगितले नसते.

खाऱ्या पाण्यातील रसायन

सोने समुद्रात शेकडो वर्षे पडले तरी जसेच्या तसे राहते. चांदीचे तसे नाही. समुद्रतळाच्या चिखलात प्राणवायू फार कमी असतो. तेथील काही जीवाणू पाण्यातील सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. या वायूशी चांदीचा संयोग होऊन काळे सिल्व्हर सल्फाइड बनते. प्राणवायू असेल तेथे पाण्यातील मिठामुळे चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा थर चढतो. हळूहळू नाण्याचा पृष्ठभाग खाल्ला जातो. २७ ग्रॅमचे नाणे २० ग्रॅमचे, कधी त्याहूनही हलके होते.

परंतु शेजारी लोखंड असेल तर? तोफगोळा, खिळा किंवा नांगर? लोखंड हे चांदीपेक्षा अधिक क्रियाशील धातू आहे. दोन धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात पडले, की विद्युत् घट तयार होतो आणि लोखंड गंजत जाऊन चांदीला वाचविते. लोखंडाचा गंज, वाळू आणि चुन्याचे क्षार यांचा मिळून दगडासारखा गोळा बनतो. त्याच्या पोटात नाणी सुरक्षित राहतात. तसेच ढिगाच्या मध्यभागी असलेली नाणी चांगली राहतात आणि बाहेरची झिजतात.

प्रयोगशाळेत असे गोळे फोडण्यापूर्वी क्ष-किरणांनी त्यांची छायाचित्रे घेतात. मग नाण्याला ऋणाग्र करून सौम्य कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून मंद विद्युत् प्रवाह सोडतात. सल्फाइडातील चांदी पुन्हा धातुरूपात येते आणि कवच सुटते. हे काम तज्ज्ञांचे आहे, घरी करून पाहण्याचे नव्हे. मात्र त्यामागचा मुद्दा ध्यानात घ्या. नाणे किती झिजले आणि कोणत्या क्षाराने झाकले गेले, हे त्याच्या शेजाऱ्यांवर अवलंबून असते. गोळा फोडून नाणे स्वच्छ केले आणि बाकीचा दगड फेकून दिला, की शेजाऱ्यांची ही सारी माहिती त्या दगडाबरोबर जाते.

आतोचाचा शोध कोणी लावला?

या विषयावरील चर्चेत एक नाव हमखास येते, ते 'नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा' या जहाजाचे. ६ सप्टेंबर १६२२ रोजी फ्लॉरिडाच्या दक्षिणेकडील बेटांजवळ ते वादळात बुडाले. जहाजावर २६५ माणसे होती. त्यांपैकी पाच वाचली. त्यावर हजाराहून अधिक चांदीच्या विटा आणि नाण्यांच्या पेट्या होत्या. त्यांबरोबर तांबे, नीळ आणि तंबाखूही होती. महिन्याभरातच दुसरे वादळ आले आणि त्याने जहाजाचा वरचा भाग मोडून दूरवर विखुरला.

अमेरिकेतील मेल फिशर यांनी या जहाजाच्या शोधात १६ वर्षे घालविली. १९७५ साली त्यांची एक बोट उलटून त्यांचा मुलगा, सून आणि एक पाणबुड्या असे तिघे बुडाले. तरीही शोध चालूच राहिला आणि २० जुलै १९८५ रोजी मुख्य ढीग सापडला. फिशर यांच्या चिकाटीविषयी दुमत होणार नाही.

परंतु हा शोध कशामुळे लागला ते नीट पाहा. पहिली काही वर्षे सारे जण चुकीच्या जागी, मूळ ठिकाणापासून सुमारे १०० मैलांवर शोधीत होते. स्पेनमधील सेव्हिल शहरात जुन्या वसाहतींच्या कागदपत्रांचे मोठे दप्तरखाने आहे. तेथे इतिहासकार यूजीन लायन यांनी वाळवीने खाल्लेले कागद वाचले आणि जहाज दुसऱ्याच बेटांजवळ, मार्केसास बेटांजवळ बुडाल्याचे दाखविले. १९७३ साली सापडलेल्या एका चांदीच्या विटेवरील क्रमांक त्याच दप्तरखान्यातील मालाच्या यादीशी जुळला, तेव्हा हे आतोचाच याची खात्री पटली. पुढे पुरातत्त्वज्ञ डंकन मॅथ्यूसन यांनी सापडलेल्या वस्तूंच्या जागा नकाशावर मांडल्या आणि जहाजाचा मुख्य भाग अधिक खोल पाण्याकडे असावा असे अनुमान काढले. ते खरे ठरले.

म्हणजे खजिना सापडला तो दोन नोंदींमुळे: एक ३५० वर्षांपूर्वीच्या कारकुनाने केलेली आणि दुसरी वस्तूंच्या जागांची. 'नोंदी ठेवीत बसणे हा विद्वानांचा वेळखाऊपणा आहे' असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण सांगावे.

याच शोधात वापरलेले एक साधनही पाहण्यासारखे आहे. बोटीच्या पंख्यामागे वळणदार मोठे नळ बसवितात. पंख्याचा झोत त्यातून सरळ खाली तळावर आदळतो आणि वाळूत मोठा खड्डा पडतो. जड सोने-चांदी जागच्या जागी राहते, पण लाकडाचा तुकडा, दोर, बिया, हाडे अशा हलक्या वस्तू उडून जातात. खलाशी काय खात होते, जहाज कोणत्या झाडाच्या लाकडाचे होते, हे सांगणाऱ्या वस्तू नेमक्या याच! ज्याला फक्त नाणी हवी आहेत त्याला त्यांचे दुःख नसते.

एकासारखे दुसरे नाही

नाणी विकणाऱ्यांचा सर्वांत मोठा युक्तिवाद असा, की जहाजात हजारो नाणी सापडतात आणि ती सगळी सारखीच असतात. संग्रहालयाने नमुन्यादाखल शंभर ठेवावीत आणि बाकीची विकावीत.

यंत्रावर पाडलेल्या नाण्यांबाबत हे काही अंशी मान्य करता येईल. घणाने पाडलेल्या नाण्यांना मात्र ते मुळीच लागू पडत नाही. प्रत्येक तुकडा हाताने कापलेला, म्हणून आकार वेगळा. प्रत्येक घाव वेगळा, म्हणून उमटलेला भाग वेगळा. शिवाय ठसेही हातानेच कोरलेले. एकाच्या सिंहाचे शेपूट आखूड, दुसऱ्याचा किल्ला तिरपा. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखावा तसा नाण्यावरून ठसा ओळखता येतो.

याचा उपयोग काय? टाकसाळीने किती ठसे वापरले याचा अंदाज आला, तर किती चांदी पाडली गेली याचाही अंदाज येतो. हा अंदाज कसा बांधतात ते एका साध्या उदाहरणाने पाहू. तळ्यात मासे किती, हे काढावयाचे आहे. ५० मासे धरा, त्यांना खूण करा आणि सोडून द्या. पुन्हा ५० धरा. त्यांत ५ खुणेचे निघाले, तर तळ्यात सुमारे ५० × ५० ÷ ५ = ५०० मासे असावेत. नाण्यांबाबत ठशांची पुनरावृत्ती हीच खूण होय. १०० नाण्यांत तेच ते ठसे वारंवार दिसले, तर एकूण ठसे थोडे होते. जवळजवळ प्रत्येक नाण्याचा ठसा निराळा निघाला, तर ठसे पुष्कळ होते.

हे गणित करावयाचे, तर सारा साठा एकत्र पाहावयास मिळाला पाहिजे. निदान प्रत्येक नाण्याचे चांगले छायाचित्र आणि वजन तरी नोंदलेले हवे. चांगली दिसणारी नाणी लिलावात, बरी दिसणारी दागिन्यांत पदक म्हणून आणि अगदी झिजलेली किलोच्या भावाने अशी वाटणी झाली, की हे गणित कायमचे सुटत नाही. उरलेल्या शंभरांत निवड झालेली असते, आणि निवडलेल्या नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष विज्ञानात ग्राह्य धरीत नाहीत.

चांदीच्या अंतरंगाबद्दलही हेच. पोतोसीच्या चांदीत इंडियम या धातूचा अत्यल्प अंश आढळतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नाण्यांतील चांदी, तांबे आणि शिसे यांच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून मेक्सिकोची चांदी आणि पोतोसीची चांदी वेगळी ओळखता आली. कोणत्या देशात कोणत्या खाणीची चांदी केव्हा पोचली, हे अशा मापनांतून समजते. अशा अभ्यासाला मूळ ठाऊक असलेली नाणी लागतात.

दुसरी बाजू

आता विरोधी बाजूचेही म्हणणे प्रामाणिकपणे ऐकू. ती बाजू सांगते: समुद्रात शोध घेण्यास अफाट खर्च येतो, तो सरकारे करीत नाहीत. आम्ही केला नसता, तर ही जहाजे वाळूतच राहिली असती. मासेमारीची जड जाळी आणि वादळे त्यांची नासधूस करतातच. शिवाय हौशी संग्राहकांनी वर्षानुवर्षे खपून नाण्यांच्या याद्या केल्या आणि नाणेपारख्यांच्या कारकिर्दी ठरविल्या, त्याचा लाभ विद्वानांनाही झाला.

यातील शेवटचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. नोंद ठेवणारा संग्राहक हा शास्त्राचा सहायकच होय. खर्चाचा मुद्दाही खोटा नाही. परंतु ज्याचा खर्च विक्रीतून भागावयाचा आहे, त्याला वेळेची घाई असते आणि ज्याला किंमत येत नाही त्यात रस नसतो. हा माणसांचा दोष नाही, व्यवहारच तसा आहे. आणि बुडालेले जहाज पळून जात नाही. ४०० वर्षे थांबले, ते आणखी ४० वर्षे थांबू शकेल. तोवर साधने सुधारतील. जाळ्यांचा धोका असेल, तर तेवढ्या जागेत मासेमारीला मनाई करता येते.

२००१ साली युनेस्कोने पाण्याखालील सांस्कृतिक वारशासाठी एक आंतरराष्ट्रीय करार केला आणि तो २००९ साली अमलात आला. १०० वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेल्या वस्तू शक्यतो जागेवरच जपाव्यात आणि त्यांचा व्यापार करू नये, असे तो सांगतो. सर्व देशांनी तो स्वीकारलेला नाही. तरीही वारे कोणत्या दिशेने वाहते आहे हे दिसते. १८०४ साली बुडालेल्या 'मर्सेदेस' या स्पॅनिश जहाजातील सुमारे सहा लाख नाणी एका अमेरिकन कंपनीने २००७ साली वर काढली. तोवर नाणी यंत्राने पाडू लागले होते. न्यायालयाच्या निकालाप्रमाणे २०१२ साली ती सर्व स्पेनला परत द्यावी लागली.

न उचलता वाचलेली नाणी

न उचलता नाणे वाचता येते का? येते. 'सान होसे' हे स्पॅनिश जहाज ८ जून १७०८ रोजी कोलंबियाच्या कार्ताहेना बंदराजवळ इंग्रजांशी झालेल्या लढाईत बुडाले. २०१५ साली त्याचा ठावठिकाणा लागल्याचे कोलंबियाने जाहीर केले. ते सुमारे ६०० मीटर खोलीवर आहे. तेथे पाणबुड्या जाऊ शकत नाही. दूरनियंत्रित यंत्र खाली सोडून तळाची असंख्य छायाचित्रे घेण्यात आली आणि ती जुळवून नाण्यांच्या प्रतिकृती संगणकावर उभारण्यात आल्या. २०२५ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ती घणाने पाडलेली नाणी होती. त्यांवर क्रूस, खांब आणि लाटा दिसत होत्या. लिमाच्या टाकसाळीची खूण होती आणि वर्ष होते १७०७.

१७०७ चे नाणे ज्या जहाजात आहे, ते जहाज १७०७ पूर्वी बुडालेले असणे शक्य नाही. १७०८ या वर्षाशी हे नेमके जुळते. एकाही नाण्याला हात न लावता हा पुरावा मिळाला, कारण नाणी आपल्या जागी होती. या जहाजावर स्पेन, कोलंबिया, एक खाजगी कंपनी आणि ज्यांच्या पूर्वजांनी ही चांदी खणली ते बोलिव्हियातील मूळ रहिवासी, असे अनेक जण हक्क सांगतात. हा तंटा मिटेल तेव्हा मिटेल. मिळालेले ज्ञान मात्र सर्वांचे झाले आहे.

आपल्या किनाऱ्यावर

हा प्रश्न दूरच्या समुद्रांचाच आहे असे समजू नका. अमेरिकेतील या चांदीचा मोठा ओघ भारताकडे वळला होता. पोर्तुगीज जहाजांतून रियाल गोव्यास येत. डच आणि इंग्रज व्यापारीही ते आणीत. सुरतेच्या मोगल टाकसाळीत परदेशी चांदी वितळवून तिचे रुपये पाडीत. तेव्हा एखाद्या जुन्या सुरती रुपयात पोतोसीची चांदी असणे सहज शक्य आहे.

गोव्याच्या किनाऱ्याजवळ सुंची नावाचा खडक आहे. तेथे बुडालेल्या एका जुन्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अभ्यासले. त्यांना तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात आफ्रिकेशी चाललेल्या व्यापाराकडे बोट दाखवितात. केवळ नाण्यांच्या मागे लागलेल्या माणसाने ते दात पुन्हा पाण्यात टाकले असते.

तुम्ही काय करावे?

छंद सोडू नका, फक्त त्याला शास्त्राची जोड द्या. घरात शिवराई, ढब्बू पैसा किंवा कोणतेही जुने नाणे असेल, तर ते चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नका. घासल्याने नाणे चमकते, पण त्याचा पृष्ठभाग आणि त्यावरील क्षारांची साक्ष जाते. शाळेच्या तराजूवर त्याचे वजन करा, पट्टीने आडवे व उभे माप घ्या आणि दोन्ही बाजूंवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने हलकेच ठसा उतरवा. मग एका कार्डावर लिहा: नाणे कोणाकडे आहे, ते कोठून आले, कोणी सांगितले, कोणत्या दिवशी पाहिले. ठाऊक नसेल तेथे 'ठाऊक नाही' असे स्पष्ट लिहा.

शेतात, विहिरीच्या खोदकामात किंवा जुन्या भिंतीत नाणी सापडली, तर ती वाटून घेऊ देऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे १० रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. नाणी ज्या मडक्यात होती ते फुटके मडकेही जपून ठेवा. ते कोणत्या काळातले, हे तज्ज्ञ त्याच्या घडणीवरून सांगू शकतात.

शिक्षकांसाठी दोन प्रयोग सुचवितो. पहिला: साबणाच्या वडीवर अक्षरे कोरून ठसे तयार करावेत आणि शाडूच्या वेड्यावाकड्या गोळ्यांवर ते दाबून ५० 'नाणी' पाडावीत. मग दुसऱ्या तुकडीने ती पाहून एकूण ठसे किती होते ते ओळखावे. पुढे त्यांतील सर्वांत सुबक १५ नाणी काढून घ्यावीत आणि उरलेल्यांवरून पुन्हा अंदाज करावयास सांगावे. उत्तर किती बदलते, ते मुलांना स्वतःच दिसेल. दुसरा: आर्किमिडीजच्या तत्त्वाने नाण्याचे विशिष्ट गुरुत्व काढावे. शुद्ध चांदीचे ते १०.५, तर ९३ टक्के चांदी असलेल्या रियालचे सुमारे १०.४ येते. शिशाचे ११.३ आणि पितळेचे साधारण साडेआठ. वरून चांदीचा मुलामा दिलेले नकली नाणे या एका मापाने बहुधा उघडे पडते.

मोठेपणी तुमच्यापैकी एखादा पाणबुड्या होईल, एखादी सागरी पुरातत्त्वज्ञ होईल, तर एखादा नुसता हौशी संग्राहक. तेव्हा कोणी तुमच्यापुढे समुद्रातून काढलेले रियाल विकावयास ठेवील. त्याला पहिला प्रश्न विचारा: हे कोठे पडले होते, आणि त्याच्याशेजारी काय होते? नकाशा, छायाचित्रे आणि यादी दाखवून तो उत्तर देऊ शकला, तर जरूर पुढे बोला. नुसते जहाजाचे नाव सांगून तो किंमत सांगू लागला, तर नाणे परत द्या. अशी नाणी कोणी विकत घेतलीच नाहीत, तर ती घाईने उपसण्याचे कारणही उरणार नाही.